मधुमेहींची जीवनगुणवत्ता मोजायची तर प्रश्नावली कोणती घ्यावी आणि विचारावी कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही सामुदायिक वैद्यकशास्त्रात एमडी करता आहात आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या एनसीडी (असंसर्गजन्य आजारांच्या) क्लिनिकला येणाऱ्या टाइप २ मधुमेहींची जीवनगुणवत्ता हा तुमचा थेसिसचा विषय आहे. एसएफ-३६ ही छत्तीस प्रश्नांची सर्वसाधारण प्रश्नावली तुम्ही स्वतः मराठीत उतरवली, काही रुग्णांकडून भरून घेतली आणि तिचे गुण एचबीएवनसीशी ताडून पाहिले, तर काहीच संबंध लागेना. प्रश्नावली चुकली, भाषांतर चुकलं की नमुना कमी पडला, आणि पुढे काय वापरावं, असं तुम्ही विचारलं आहे.

आधी संबंध न लागण्याबद्दल. तो लागेल ही अपेक्षाच धरू नका. एचबीएवनसी सांगते गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी. साखर साडेआठ टक्क्यांवर असलेल्या माणसाला बहुतेक वेळा अंगात काही जाणवतही नाही. उलट साडेसहावर आणून ठेवलेल्या माणसाला त्यासाठी काय मोजावं लागतंय, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. ब्रिटनच्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासातून १९९९ साली हेच पुढे आलं. साखर आणि रक्तदाब कडक आटोक्यात ठेवण्याच्या धोरणाने रुग्णांची जीवनगुणवत्ता ना सुधारली ना बिघडली. ती खालावली ती गुंतागुंत झालेल्यांची. शिवाय इन्सुलिन घेणाऱ्यांपैकी ज्यांची शुगर वारंवार लो व्हायची त्यांनी ताण आणि मनाची अस्वस्थता जास्त नोंदवली.

त्याच अभ्यासातल्या रुग्णांवर २००२ साली आलेली गणितं मला फार बोलकी वाटतात. ईक्यू-५डी या पाच प्रश्नांच्या प्रश्नावलीवर पूर्ण आरोग्याला १ आणि मरणाला ० धरलं, तर कोणतीही मोठी गुंतागुंत नसलेल्या मधुमेहीचा निर्देशांक सुमारे ०.७८५ निघाला. त्यातून पाय कापावा लागला तर ०.२८० वजा, पक्षाघाताला ०.१६४, हार्ट फेल्युअरला ०.१०८ आणि एका डोळ्याची दृष्टी गेली तर ०.०७४. हे आकडे ब्रिटिश रुग्णांचे आणि ब्रिटिश लोकांनी ठरवलेल्या मूल्यांचे (कोणती अवस्था किती वाईट, या त्यांच्या मताचे) आहेत, ते जसेच्या तसे आपल्याकडे लावू नका. पण जगण्यातलं मोठं नुकसान पायात, मेंदूत आणि हृदयात होतं, साखरेच्या सरासरीत होत नाही, ही दिशा त्यातून स्पष्ट दिसते.

मग साखर कमी करून काहीच बरं वाटत नाही का? वाटतं. १९९८ साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका चाचणीत बारा आठवडे ग्लिपिझाइड हे साखर उतरवणारं औषध घेतलेल्यांची साखर तर उतरलीच, शिवाय त्यांची लक्षणं, उत्साह आणि कामावरची हजेरीही गोळी म्हणून नुसती भुकटी घेतलेल्यांपेक्षा चांगली राहिली. फार चढलेली साखर, रात्री चार वेळा लघवीला उठणं, सारखी तहान, गळून जाणं, यातून माणूस बाहेर आला की फरक त्याला स्वतःलाच कळतो. साडेसातवरून सातवर आल्याने मात्र तसं काही कळत नाही. म्हणजे हे नातं सरळ रेषेतलं नाही, आणि तुम्ही काढलेला कोरिलेशनचा आकडा सरळ रेषाच शोधतो. थेसिसमध्ये ‘संबंध आढळला नाही’ एवढंच लिहून थांबू नका. गुंतागुंत, शुगर लो होणं, इन्सुलिन, रोजच्या गोळ्यांची संख्या आणि सोबतचे आजार वेगवेगळे नोंदवा आणि मग पाहा.

सोबतच्या आजारांत गुडघे विसरू नका, हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. साठीतल्या मधुमेहीची चालण्याची अडचण पुष्कळदा मधुमेहाची नसून गुडघ्यांची असते. गुडघेदुखी, कंबरदुखी, मोतीबिंदू, दमा यांची साधी हो-नाही नोंद ठेवली नाही, तर त्यांचा सगळा भार मधुमेहाच्या नावावर जमा होतो.

आता प्रश्नावलीकडे. एसएफ-३६ वाईट नाही. आठ अंगं, प्रत्येकाला ० ते १०० गुण, जगभर वापरलेली. पण मूळ इंग्रजीत मध्यम श्रमाच्या कामांची उदाहरणं म्हणून टेबल हलवणं, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, बोलिंग आणि गोल्फ दिलेत. कापूस वेचणाऱ्या बाईला त्यातलं काय विचारणार? त्याजागी विहिरीचं पाणी काढणं किंवा शेणाची पाटी उचलणं घातलं, तर त्याला तेवढेच श्रम लागतात का, हे तपासावं लागतं. शिवाय छत्तीस प्रश्न तोंडी विचारायचे म्हणजे रुग्णाचा पुष्कळ वेळ जातो, आणि तिसऱ्या पानावर उत्तरं ‘तसंच लिहा, डॉक्टर’ अशी यायला लागतात.

माझा सल्ला असा की एक सर्वसाधारण प्रश्नावली घ्या आणि एक मधुमेहाची. दोनच.

सर्वसाधारण म्हणून ईक्यू-५डी-५एल. हालचाल, स्वतःची देखभाल, रोजची कामं, वेदना किंवा अस्वस्थता, चिंता किंवा उदासी, अशा पाच गोष्टी आणि प्रत्येकीच्या पाच पायऱ्या, म्हणजे एकूण ३,१२५ अवस्था. सोबत ० ते १०० ची उभी पट्टी. सगळे प्रश्न आजच्या दिवसाबद्दल, त्यामुळे आठवण्याचा त्रास नाही. अधिकृत मराठी आवृत्ती आहे, ती तयार करणाऱ्या युरोक्वॉल या संस्थेकडे नोंदणी करून ती मिळते, विद्यार्थ्यांच्या संशोधनाला पैसे पडत नाहीत. सर्वांत महत्त्वाचं, चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेच्या पुढाकाराने पाच राज्यांत साडेतीन हजार लोकांना विचारून ठरवलेली भारतीय मूल्यं २०२२ पासून उपलब्ध आहेत. त्याआधीचे पुष्कळ भारतीय थेसिस परदेशी मूल्यांवर बेतलेले आहेत, त्यांच्याशी तुमचे निर्देशांक थेट ताडू नका. भारतीय मूल्यांत सर्वांत वाईट अवस्थेला उणे ०.९२३ मिळतात, म्हणजे आपल्या लोकांनी ती मरणाहूनही बरीच वाईट मानली.

तिची मर्यादाही पक्की लक्षात घ्या. ओपीडीत चालत येणाऱ्या मधुमेहींतले बरेच जण पाचही ठिकाणी ‘काही त्रास नाही’ सांगतात. गुणांचं सगळं ओझं वरच्या टोकाला साचतं. त्यांचं जगणं खरंच निर्वेध आहे असा याचा अर्थ नाही. पुरणाच्या ताटावर बसून अर्धी पोळी मोडून ठेवणं, लग्नाच्या पंगतीत ‘थोडं घ्या हो, एका दिवसाने काय होतंय’ ऐकत राहणं, हळदीकुंकवाला पुढे आलेला दुधाचा पेला नाकारल्यावर चारजणींच्या नजरा अंगावर घेणं, हे त्या पाच प्रश्नांत कुठेच बसत नाही. म्हणून दुसरी प्रश्नावली लागते.

दुसरीसाठी पर्याय बरेच आहेत. क्लेअर ब्रॅडली यांची एडीडीक्यूओएल मला विचार म्हणून फार आवडते. एकोणीस बाबींपैकी प्रत्येकीवर मधुमेहाचा परिणाम किती आणि ती बाब तुम्हाला महत्त्वाची किती, या दोन उत्तरांचा गुणाकार होतो. गुण उणे ९ ते अधिक ३. ज्याला प्रवासाची हौसच नाही त्याचा प्रवास बंद झाला तर गुण जात नाहीत, आणि हे न्याय्य आहे. वेगवेगळ्या देशांत ती वापरली गेली तेव्हा मनासारखं खाण्याचं स्वातंत्र्य पुन्हा पुन्हा सर्वांत जास्त मार खाताना दिसलं. अडचण एवढीच की तिचे प्रश्न ‘मला मधुमेह नसता तर…’ असे सुरू होतात. वीस वर्षं मधुमेहासोबत काढलेल्या, शाळा न पाहिलेल्या आजीला ही कल्पना करायला लावणं जड जातं. ‘नसता तर बरंच झालं असतं की’ असं सगळ्याला एकच उत्तर येतं. शहरात, शिकलेल्यांत ती उत्तम चालते.

क्यूओएलआयडी ही खास भारतीय मधुमेहींसाठी दिल्लीत तयार झालेली, २०१० ची. चौतीस प्रश्न, आठ अंगं. पैशाची चिंता आणि आहाराबद्दलचं समाधान ही दोन अंगं तिच्यात स्वतंत्र आहेत, आणि परदेशी प्रश्नावल्यांत नेमकी हीच हरवतात. सरकारी दवाखान्यातला साठा संपला की मेडिकलमधून गोळ्या विकत आणणारा माणूस त्या महिन्यात दुसऱ्या कशाला तरी कात्री लावतो, हे विचारायलाच हवं. पण तिची पडताळणी मध्यम आणि उच्च उत्पन्न गटांत झालेली आहे. तुमच्या क्लिनिकमधला शेतमजूर त्यात नव्हता. वापरणार असाल तर तुमच्या रुग्णांत पुन्हा तपासावी लागेल. तो स्वतंत्र थेसिसचा विषय आहे आणि चांगला विषय आहे.

मधुमेहाचा मनावरचा भार मोजायचा असेल तर पेड किंवा डीडीएस-१७. पेड १९९५ ची, वीस प्रश्न, प्रत्येकी ० ते ४. बेरजेला १.२५ ने गुणलं की शंभरातले गुण मिळतात आणि ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे भार गंभीर. डीडीएस २००५ ची, सतरा प्रश्न, सरासरी २ ते २.९ मध्यम, ३ किंवा त्याहून वर जास्त. तिचे चार भाग वेगळे काढता येतात: मनावरचा ताण, डॉक्टरांविषयी, पथ्यपाणी-औषधांविषयी आणि घरच्या-दारच्या माणसांविषयी. ग्रामीण क्लिनिकसाठी मी हीच निवडीन, कारण भार कुठून येतोय हे ती सांगते आणि त्यावर काही करता येतं. हा भार म्हणजे नैराश्य नव्हे, हेही ध्यानात ठेवा. पेडवर ५५ गुण असलेला माणूस पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीवर साफ असू शकतो. तो आजाराच्या रोजच्या कटकटीने थकलेला असतो, आयुष्यालाच कंटाळलेला नसतो, आणि त्याला त्यासाठी गोळी लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ आपल्याकडे फार चालते. सव्वीस प्रश्न, घर, पैसा, वाहतूक, आरोग्यसेवा असं परिसराचं अंग तिच्यात आहे, ते मोलाचं. एक प्रश्न लैंगिक जीवनाच्या समाधानाचा आहे. तो तपासनीस कुजबुजत विचारतात किंवा गाळतात, आणि तक्त्यात ती जागा कोरी राहते. मधुमेही पुरुषांत लिंगाला ताठरपणा न येण्याची तक्रार अगदी सर्रास असते आणि कित्येकांनी ती कोणाहीपुढे काढलेली नसते. पुरुषाला पुरुषाने, बाईला बाईने, दार लोटून विचारलं तर उत्तर मिळतं. तशी सोय नसेल तर ही प्रश्नावली घेऊ नका. सोयीसाठी प्रश्न गाळून उरलेल्यांची बेरीज करणं बरोबर नाही.

भाषांतराबद्दल स्पष्ट बोलतो. स्वतः केलेलं भाषांतर वापरू नका. आधी हक्कधारकाकडे अधिकृत मराठी आवृत्ती आहे का विचारा, लेखी परवानगी घ्या. नसेल, तर रीत ठरलेली आहे. दोघांनी स्वतंत्रपणे मराठीत आणायचं, दोन्ही जुळवून एक करायचं, मूळ न पाहिलेल्या माणसाने ते परत इंग्रजीत न्यायचं, मग जाणकारांनी बसून फरक मिटवायचे. आणि त्यानंतर आठ-दहा रुग्णांसोबत बसायचं. ही शेवटची पायरी सगळे उरकून टाकतात, आणि खरं काय ते तिथेच कळतं.

नमुना म्हणून एका बाईंचं सांगतो. साठीच्या, पायांना मुंग्या येतात, बारा-तेरा वर्षांचा मधुमेह. रोजची कामं करताना किती अडचण येते, या प्रश्नाला त्यांचं उत्तर, ‘काही नाही, सगळं करते.’ खूण करून पुढे जाता आलं असतं. त्याऐवजी विचारलं, ‘काल सकाळपासून काय काय केलंत ते सांगा.’ तेव्हा कळलं की चुलीपुढे बसून भाकरी करणं दीड वर्षापासून बंद आहे, कारण बसलं की उठता येत नाही. ओट्याशी उभं राहून चपात्या करतात. पाणी सून भरते. देवळात जाताना चप्पल बाहेर काढली की पायाखाली काय आलं ते कळत नाही, म्हणून देऊळही सुटलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. जी कामं सुटली ती त्यांच्या हिशेबात ‘रोजची कामं’ राहिलीच नव्हती. माणूस स्वतःची मोजपट्टी अशी हळूहळू खाली आणतो, आणि म्हणूनच बऱ्याच वर्षांचा आजार असलेल्यांचे गुण कधीकधी नव्या रुग्णांपेक्षा चांगले दिसतात. अशा वेळी अधिकृत प्रश्नाचे शब्द बदलायचे नाहीत, उत्तर आहे तेच नोंदवायचं. पण सुटलेल्या कामांची एक वेगळी ओळ तुमच्या स्वतःच्या फॉर्ममध्ये ठेवा. चर्चेच्या प्रकरणात ती उपयोगी पडेल.

विचारतं कोण, यावर उत्तर फार अवलंबून असतं. डीडीएसमध्ये डॉक्टर आपलं नीट ऐकून घेतात का, अशा आशयाचे प्रश्न आहेत. औषध लिहून देणारा किंवा गोळ्या मोजून देणारी व्यक्तीच ते विचारत असेल तर डॉक्टरांविषयीचा भाग सगळ्यांचाच छान येणार. गावातल्या आशाताईंनी विचारलं तर घरच्या माणसांविषयीचा भाग छान येणार, कारण उद्या त्या घरी येणार आहेत. बाहेरचा, प्रशिक्षण दिलेला तपासनीस ठेवा. सोबत आलेल्या मुलाला किंवा सुनेला अदबीने बाहेर बसवा. आईच्या वतीने ‘तिला काही टेन्शन नाही’ असं मुलगा सांगतो आणि आई मान डोलावते, हे ओपीडीत रोज दिसतं.

वेळही सांभाळा. उपाशीपोटीच्या शुगरसाठी सकाळी सातपासून रांगेत उभ्या माणसाला नाश्त्याआधी ‘उत्साह कसा आहे’ विचारू नका. आधी खाऊ द्या. ईक्यू-५डी आजचं विचारते, इतर काही प्रश्नावल्या दोन किंवा चार आठवड्यांचं. त्या काळात श्रावणाचे उपास, नवरात्र, रमजान किंवा सोयाबीनची काढणी आली असेल तर ते तारखेसोबत लिहून ठेवा.

विश्लेषणात दोन-तीन गोष्टी. क्रॉनबाखचा अल्फा ०.७ च्या वर आला म्हणजे प्रश्नावली प्रमाणित झाली, असं थेसिसमध्ये सर्रास लिहितात. अल्फा फक्त प्रश्न एकमेकांशी जुळतात का, हे सांगतो. दोन आठवड्यांनी त्याच रुग्णांना पुन्हा विचारून आयसीसी (दोन्ही वेळची उत्तरं किती जुळतात त्याचा आकडा) काढा, आणि ज्यांना न्यूरोपॅथी (मधुमेहाने नसांना झालेली इजा) आहे व नाही अशांच्या गुणांत अपेक्षित फरक दिसतो का ते पाहा. ईक्यू-५डीला तर अल्फा लावण्यात अर्थच नाही, तिचे पाच प्रश्न मुद्दाम वेगवेगळ्या गोष्टींबद्दल आहेत. सरासरीसोबत मध्यक द्या आणि किती टक्के लोक अगदी वरच्या टोकाला आहेत तेही द्या. १५ टक्क्यांहून जास्त असतील तर तसं लिहा. आणि पी-व्हॅल्यूवर थांबू नका. फरक रुग्णाला जाणवण्याइतका आहे का, हे महत्त्वाचं. अर्धं प्रमाण विचलन हा ढोबळ ठोकताळा त्यासाठी चालतो. आणखी एक मर्यादा नोंदवा: पाय कापलेला, डायलिसिसवरचा, अंथरुणाला खिळलेला रुग्ण तुमच्या क्लिनिकला येतच नाही. तुमचे गुण येऊ शकणाऱ्यांचे आहेत. जमलं तर औषधं न्यायला फक्त नातेवाईक येतो अशा केसपेपरांची यादी करून त्यांच्या घरी जा.

शेवटचं, आणि हे सिनॉप्सिसमध्येच, म्हणजे थेसिसच्या आधीच्या आराखड्यातच लिहा. तुम्ही एखाद्याला मनावरच्या भाराबद्दल विचारता तेव्हा त्याने दिलेल्या उत्तराची जबाबदारी तुमच्यावर येते. ज्या प्रश्नाला रुग्णाने सर्वांत वरचा गुण दिला, तो त्याच दिवशी क्लिनिकच्या डॉक्टरांपर्यंत, रुग्णाच्या परवानगीने, पोचला पाहिजे. शुगर लो होण्याची धास्ती असेल तर ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या गोळीचा डोस पाहता येतो, जेवणाच्या वेळा पाहता येतात. खाण्यावरून घरात भांडणं असतील तर पुढच्या वेळी स्वयंपाक करणाऱ्यालाही बोलावता येतं. पीएचक्यू-९ जोडणार असाल तर नववा प्रश्न जीव नकोसा होण्याचा आहे. त्याला ‘नाही’ सोडून काहीही उत्तर आलं तर फॉर्म तिथेच थांबवा, रुग्णाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर तुमच्याकडे कोणत्या वारी येतात ते आधीच विचारून ठेवा. तो वार आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर, जिथे मराठीत बोलता येतं, प्रत्येक फॉर्मच्या मागच्या बाजूला छापून घ्या.